फादर, तुम्ही कुणाच्याच पक्षाचे झाला नाहीत

आदरणीय फादर,

सप्रेम नमस्कार.

बाबा गेले तेव्हा घरात इतकी गडबड होती की तुमच्याशी धड दोन शब्द बोलता आलं नाही, आणि मग तुमची बदलीच झाली. आभार मानायचे राहून गेले. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही जे केलंत ते आमच्या एका घरापुरतं नव्हतं. निवडणूक आली की प्रत्येक धर्मातल्या माणसांपुढे जो प्रश्न येतो, धर्मगुरूने पक्षाच्या राजकारणात उतरावं की नाही, त्याचं उत्तर मला तुमच्या वागण्यातून मिळालं.

बाबा हाडाचे कार्यकर्ते. सभेच्या सतरंज्या अंथरण्यापासून मतदारयाद्या तपासण्यापर्यंत सगळं त्यांनी एकाच पक्षासाठी केलं, आणि आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या वस्तीत, त्या पक्षाला मानणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. शेवटच्या निवडणुकीत तर वाद इतका विकोपाला गेला की मिस्सेनंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, चर्चच्या आवारात लोक आमच्याशी बोलेनासे झाले. त्यातच बाबांनी अंथरूण धरलं.

तुम्ही पहिल्या आठवड्यातच घरी आलात. मग नेमाने येत राहिलात. बाबांना रक्त लागलं तेव्हा तुम्ही ज्यांना फोन केलेत, त्यांत समोरच्या पक्षाचा पोलिंग एजंटही होता. मतदानाच्या दिवशी बाबांशी हमरीतुमरीवर आलेला तो माणूस मुकाट्याने येऊन रक्त देऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आईसाठी डबा घेऊन आली. तुमचा शब्द त्याला मोडता आला नाही, कारण तुम्ही त्याच्या विरोधातले आहात असं म्हणायला त्याच्याकडे काही कारणच नव्हतं. तुम्ही प्रचारात एकदा जरी आमच्या किंवा त्यांच्या बाजूने हात वर केला असतात, तर तो फोन तुम्हाला करता आला असता का? केला असतात तरी त्याने उचलला असता का?

तुम्हाला किती ओढलं गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी चर्चच्या ऑफिसात बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी नव्या वहीत उतरवत होते आणि शेजारच्या टेबलापाशी उमेदवाराची माणसं बसली होती. मतदानाच्या आधीच्या रविवारी, प्रवचन संपल्यावर, दोन शब्द बोला एवढंच त्यांचं म्हणणं. नाव नका घेऊ, नुसता इशारा द्या. सभागृहाचं छत गळतंय, ते आम्ही करून देतो. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि म्हणालात, ‘छताचं काम करायचंच असेल तर मतमोजणी झाल्यावर या. जिंकलात तरी या, हरलात तरी या.’ ते पुन्हा आले नाहीत. पुढचा पावसाळा आम्ही बादल्या ठेवून काढला, आणि मला त्या बादल्यांचा अभिमान आहे.

बाबांना मात्र तुमचं हे पटत नव्हतं, आणि त्यांचा मुद्दा कच्चा नव्हता. अंथरुणावर पडल्या पडल्याही ते तुमच्याशी वाद घालायचे. तुम्ही मजुरीवर बोलता, जमिनी बळकावणाऱ्यांवर बोलता, पैसे घेऊन मत विकू नका म्हणता. मग जो पक्ष गरिबांसाठी लढतो त्याच्या बाजूने उभं राहायला काय हरकत आहे? धर्मगुरू काय नागरिक नसतो? अन्याय चालू असताना तटस्थ राहणं म्हणजे बलवानाला मदत करणं. बाबा हे म्हणायचे आणि तुम्ही मान डोलावायचात. मग हळूच रोमेरोंचा विषय काढायचात.

त्या गप्पांमुळेच मी आर्चबिशप ऑस्कर रोमेरोंबद्दल वाचलं. १९७७ ते १९८० ही तीनच वर्षं ते एल साल्वादोरच्या राजधानीत आर्चबिशप होते. त्यांचं रविवारचं प्रवचन रेडिओवरून देशभर ऐकलं जायचं, आणि त्यात ते त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची, बेपत्ता झालेल्यांची नावं सांगायचे. २३ मार्च १९८० ला त्यांनी सैनिकांना थेट विनवलं, देवाच्या नावाने हे दमन थांबवा. दुसऱ्या दिवशी मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली गेली. याहून अधिक राजकीय काय असतं? पण याच माणसाने १९७९ च्या आपल्या धर्मपत्रात संपत्तीच्या पूजेला आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखालच्या सत्तापूजेला मूर्तिपूजा म्हटलं आणि त्यांच्याच रांगेत तिसरी मूर्ती बसवली ती संघटनेची. जी जनसंघटना गोरगरिबांसाठी लढते तिलाही देवाच्या जागी बसवू नका, असं ते सांगत होते. सरकार त्यांना डाव्यांचा माणूस म्हणायचं आणि ते डाव्यांनाही सुनवायचे. बाबा यावर बराच वेळ काही बोलले नव्हते.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण बाबांनीच शोधून काढलं. रॉबर्ट ड्रायनन हे जेझुइट (कॅथलिक चर्चमधल्या एका संघाचे) धर्मगुरू १९७० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले ते व्हिएतनाम युद्धाला विरोध करूनच. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर महाभियोग चालवण्याचा पहिला ठराव त्यांनी मांडला. ‘हे वाईट केलं का त्यांनी?’ बाबांचा प्रश्न. नाही, चांगलंच केलं. पण प्रतिनिधी म्हटला की प्रत्येक विधेयकावर मत द्यावं लागतं, तडजोडी कराव्या लागतात, आणि गर्भपाताच्या सरकारी खर्चावरच्या त्यांच्या मतांमुळे त्यांच्याच चर्चमधले कितीतरी लोक दुखावले गेले. १९८० मध्ये पोपनी आदेश दिला तेव्हा त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. पुढे ते मानवी हक्क शिकवत राहिले. पोपचा आदेश कठोर होता असं मला आजही वाटतं. तरी जे काम ते खासदार म्हणून करत होते ते दुसरा कुणी सज्जन खासदारही करू शकला असता. धर्मगुरूचं काम दुसरं कोण करणार?

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे नियमांच्या ग्रंथात, धर्मगुरूंनी राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ नये असा नियम आहे, आणि त्यातच अपवादही ठेवलेला आहे: चर्चच्या हक्कांसाठी किंवा सर्वांच्या हितासाठी गरज असल्याचं वरिष्ठांनी ठरवलं तर. या अपवादावर बाबांचं फार प्रेम! मला मात्र दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटूंचा दाखला अधिक पटतो. वर्णद्वेषाच्या राजवटीविरुद्ध उभी हयात झगडलेला हा माणूस. १९९० मध्ये त्या राजवटीविरुद्धच्या पक्षांवरची बंदी उठून ते मोकळे झाले, तेव्हा त्यांच्या अँग्लिकन चर्चने आपल्या धर्मगुरूंना कुठल्याही पक्षाचं सदस्य होण्यास मनाई केली. आपला म्हणावा असा पक्ष, मंडेलांचा आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, सत्तेच्या दारात उभा असताना! म्हणूनच २०११ मध्ये दलाई लामांचा व्हिसा रखडला तेव्हा त्याच पक्षाच्या सरकारला टुटू जाहीरपणे खडसावू शकले. ते कुणाचं काही लागत नव्हते.

आपला कायदाही याबाबत स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे मतदाराला दैवी कोपाची भीती घालणं हा भ्रष्ट आचार ठरतो. धर्मस्थळाची जागा राजकारणासाठी वापरायला १९८८ च्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा पकडतो ते उघड धमकीला आणि उघड सभेला. आशीर्वाद घेतानाचा फोटो, हसत टाकलेला एखादा शब्द, पहिल्या रांगेतली खुर्ची, यांना तो काय करणार? तिथे त्या माणसाची स्वतःचीच इच्छा लागते, आणि तुम्ही ती दाखवलीत.

तुमचं गप्प बसणं मला आवडलं असतं असं नाही, फादर. मत विकण्याबद्दल तुम्ही बोललात तेव्हा दोन्ही पक्ष तुमच्यावर चिडले होते. ते तुम्ही सोसलंत.

शेवटच्या दिवसांत बाबांनी वाद सोडला नव्हता, पण तुम्ही यायच्या दिवशी सकाळपासून दाढी करून बसायचे. तुम्ही त्यांना अखेरचा संस्कार दिलात तेव्हा खोलीत त्यांच्या पक्षाचे दोघे होते आणि दाराशी तो पोलिंग एजंट उभा होता. याबद्दल मी, आई आणि भाऊ तुमचे जन्माचे ऋणी आहोत.

पुण्यतिथीला दोन्हीकडच्या माणसांना बोलावलंय. मिस्सा तुम्हीच अर्पण करावी अशी आईची फार इच्छा आहे. बिशपांची परवानगी लागत असेल तर आम्ही अर्ज करतो. वेळ तुमच्या सोयीने ठरवू, फक्त कळवा.

आपली,
तुमच्या जुन्या धर्मग्रामातली एक मुलगी