टॉवेल कुठल्या खांद्यावर?

प्रिय दिल्या,

तब्येत बरी आहे, शुगर आटोक्यात. मुद्द्याचं सांगतो. पंचगंगा घाटाचं चित्र चाललंय, त्यात तुझे अण्णा आले. ठरवून नाही. म्हशी धुणारा कुणीतरी हवा होता, तपकिरी अंबरचे फटकारे मारले आणि पाण्यात उभे राहिले ते अण्णाच. ब्रश हातात धरून तसाच बसलो. घरात कुणाला सांगू? म्हणतील, हा तर नुसता डाग.

डागच आहे रे. बोटाच्या दोन पेरांएवढी आकृती, नाक-डोळे कुठले? एवढ्या लहान माणसाची ओळख पटते ती खांद्याच्या उतारावरून, पाठीच्या बाकावरून. आमचे सर आधी अख्खं अंग एका डागात बसवायला लावतात, मग उजेडाची बाजू. काठावरच्या माणसाच्या पायाशी सावली नसली तर तो लोंबकळतो. पाण्यातल्या म्हशीचं सगळं पोटाखालच्या रेघेवर. ती रेघ जमली तरच म्हैस पाण्यात बसते. आणि आपण वरच्या पायरीवरून बघतोय म्हणून क्षितिज सगळ्यांच्या डोक्यांच्या वर. सपाटीवर उभे असतो तर जवळच्या-लांबच्या सगळ्यांची डोकी क्षितिजालाच लागली असती.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या वेळचं भांडण आठवतं? तू म्हणालास म्हैस काळी, मी म्हणालो निळी. केवढा अबोला धरला होतास! आता ये आणि बघ. काळी ट्यूब उघडलेलीच नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळलं की गडद अंग तयार, आणि ओल्या पाठीवर आभाळ उतरतं तिथं पांढऱ्यातला निळा. चार पावलं मागं सरकलं की काळीभोर म्हैस. तुझ्या म्हशीला तर पाच पाय होते, तेव्हा रंगावर तू बोलूच नकोस.

अण्णांना ठेवू का काढू, यावर रात्रभर डोकं चाललं. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलनं 1821 च्या 'द हे वेन' या चित्रामध्ये पुढच्या काठावर घोड्यावरचा माणूस काढला होता, नंतर तो रंगाखाली घालवला. माणूस आला की नजर तिथंच जाते, घाट मागं पडतो, हे मलाही दिसतंय. तरी माझा हात होईना. गंगावेशीत धारेचं दूध पाजून पैसे न घेणारा माणूस मी फडक्यानं पुसू?

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? बदलीचं काय? पोरीची तारीख ठरली की आधी मला कळव.

तर अडलंय ते टॉवेलवर. मी उजव्या खांद्यावर टाकला आणि तिथंच अण्णा परके वाटायला लागले. उजव्या हातानं पाठ घासायचे, मग टॉवेल डावीकडे असणार ना? की डोक्याला गुंडाळायचे? मला घंगाळ आठवतं, बनियनचं भोक आठवतं, टॉवेल आठवत नाही. अंबर लवकर वाळतं, त्यामुळं अण्णांचं अंग आता पक्कं झालंय, ते राहणार. टॉवेल मात्र टायटॅनियम व्हाइटचा जाड थर आहे, जवसाच्या तेलातला. तो आठवडाभर तरी ओला राहील, तोवर टर्पेंटाइनच्या फडक्यानं निघेल. फोनवर तू नुसतं हो-हो करतोस. कागदावर काढून पाठव, स्पीड पोस्टानं.

तुझा,
बाळ्या