लाल दिवा हवाच

वक्तृत्व क्लबच्या सायंकाळच्या सभांवरील आपल्या पुरवणीतील लेखात, तिथले वेळेचे बंधन वक्त्याची उत्स्फूर्तता मारते, असे म्हटले आहे. ते पटले नाही. १९२४ मध्ये राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स या वक्तृत्व क्लबच्या पद्धतीत नेहमीच्या तयार भाषणाला ५ ते ७ मिनिटे मिळतात. पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा लागतो. उत्स्फूर्ततेसाठी त्याच सभेत स्वतंत्र भाग असतो: विषय ऐन वेळी हाती पडतो आणि एक-दोन मिनिटांत बोलायचे असते. लेखात त्याचा उल्लेखच नाही. शिवाय दिवसभराचे काम उरकून आलेल्या श्रोत्यांचे काय? (सत्कार समारंभांतली अध्यक्षीय भाषणे ज्यांनी सोसली आहेत, त्यांना लाल दिव्याचे मोल सांगायला नको.)

लेखकाने बोट ठेवायला हवे होते ते मूल्यमापनावर. भाषणानंतर दुसरा सदस्य दोन-तीन मिनिटांत गुणदोष सांगतो, निदान तशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुष्कळदा नुसते कौतुकच होते. कोणता मुद्दा रेंगाळला, कोणता निसटला, हे सांगायला कोणी धजत नाही. सुधारणा करायचीच तर तिथे करावी, घड्याळाला हात लावू नये.

— एक वाचक