पाण्यावरच्या गावात पोरांसोबत

म्युनिक

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, "एवढी लहान पोरं, जिकडेतिकडे पाणी आणि माणसांची झुंबड, व्हेनिसलाच जायला हवं होतं का?" असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा छकुलीने भोकाड पसरलं होतं आणि बोलणं अर्धवट राहिलं. आत्ता ओम आणि छकुली दोघंही झोपलीत, तेव्हा निवांत लिहिते.

आधी पाण्याचं. टीव्हीवर तू पाहिलंस ते गुडघाभर पाणी २०१९ च्या नोव्हेंबरमधलं. तेव्हा भरती १८७ सेंटिमीटरपर्यंत चढली होती. २०२० पासून, समुद्राचं पाणी जिथून आत येतं त्या तीन मुखांशी लोखंडी दरवाजे कामाला लागलेत. एकूण ७८ आहेत. एरवी ते तळाशी आडवे पडून असतात. मोठी भरती येणार असं कळलं, की त्यांच्यात हवा भरतात, आतलं पाणी बाहेर पडतं आणि दरवाजे वर उठून समुद्राला अडवतात. बाबा, याचे फोटो पाठवतेय, तुम्हाला फार आवडतील.

खरं जपावं लागतं ते काठाला. कितीतरी गल्ल्या चालता चालता सरळ पाण्यात संपतात आणि बहुतेक ठिकाणी कठडाच नाही. म्हणून पाण्याच्या बाजूला मोठ्या माणसाने चालायचं आणि ओमने आतल्या बाजूने, हात धरून, हे आम्ही निघायच्या आधीच ठरवलं होतं. त्याच्या मनगटावर पेनाने फोन नंबर लिहिला होता आणि "आई-बाबा दिसले नाहीत तर आहेस तिथेच उभा राहा" हे रोज त्याच्याकडून म्हणवून घेत होतो. छकुली समीरच्या पाठीवरच्या झोळीत. बाबागाडी घेतलीच नाही. गावात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. गाडी उचलून चढवणाऱ्या आयाबाया पावलोपावली दिसत होत्या, बिचाऱ्या घामाघूम.

गर्दीबद्दल तुझं बरोबर आहे, पण ती सगळीकडे नाही. स्टेशनपासून रियाल्तोच्या पुलापर्यंत आणि तिथून सान मार्कोच्या चौकापर्यंत, एवढ्या पट्ट्यातच लोक खांद्याला खांदा लावून सरकत असतात. रियाल्तोवर तर ओमला नुसत्या पाठीच दिसत होत्या. पण दोन गल्ल्या सोडून वळलं, की कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या आणि दारात गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्या. जुन्या गावात आता पन्नास हजारही माणसं राहत नाहीत. येणाऱ्यांची रीघ इतकी, की २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशाचे पैसे घेतात. आम्ही मुक्कामाला होतो, त्यामुळे ते लागले नाहीत. मला तरी वाटतं, मुलं असतील तर राहायलाच जावं. सकाळी लवकर, बाहेरची गर्दी यायच्या आत, चौक मुलांना मोकळा मिळतो.

सान मार्कोला आम्ही तसेच पहाटे गेलो. तिथला घंटेचा मनोरा १९०२ मध्ये एका सकाळी कोसळला होता. विटांचा नुसता ढीग झाला, पण एकही माणूस मेलं नाही. मग दहा वर्षांनी होता तिथे, होता तसाच परत बांधला. आत लिफ्ट आहे. १६०९ मध्ये गॅलिलिओने याच मनोऱ्यावरून गावातल्या बड्या लोकांना आपली दुर्बीण दाखवली होती. हे सांगितल्यावर ओम दोन्ही मुठींची दुर्बीण करून किती तरी वेळ समुद्राकडे बघत राहिला. चर्चच्या दारावरचे चार घोडे पण त्याला फार आवडले. ते १२०४ च्या स्वारीत कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून, लुटून आणलेले. पुढे नेपोलियनने ते पॅरिसला नेले आणि १८१५ मध्ये परत आले. आता खरे घोडे आत ठेवलेत, दारावर त्यांच्या नकला. ओमने विचारलं, "मग बाहेरच्या घोड्यांना पाऊस लागत नाही का?"

त्या दिवशी मोठं असं तेवढंच पाहिलं. असल्या गावात मुलांना घेऊन गेलं तर दिवसाला एकच मोठी गोष्ट, तीही सकाळी. उरलेला दिवस त्यांच्या चालीने जाऊ द्यायचा. चित्रांची दालनं राहिली, राजवाडा बाहेरूनच पाहिला. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. कारण मुलांमागून चालताना जे दिसलं ते मी एकटी गेले असते तर पाहिलंच नसतं.

नावाच घे ना. या गावात एकही मोटार नाही, त्यामुळे सगळं पाण्यातून चालतं. कचरा न्यायला नाव, तिच्यावर छोटी क्रेन. पार्सलांची नाव, भाजीची नाव, वॉशिंग मशीन घेऊन चाललेली नाव. उत्तरेच्या काठाला फोंदामेंते नोवेला आम्ही बाकावर बसून होतो. शेजारीच हॉस्पिटल, तिथे पिवळी ॲम्ब्युलन्स नाव भोंगा वाजवत आली. दोन माणसांनी दोर बांधला, एका आजोबांना खुर्चीत बसवून अगदी हळू वर घेतलं. ओम श्वास रोखून बघत होता. मग म्हणाला, "आजोबांना बरं वाटेल ना?" काय सांगू, पोटात कालवलं माझ्या.

आणि चौकातले आड! जवळजवळ प्रत्येक चौकात मधोमध दगडी कठडा आणि त्यावर लोखंडी झाकण. चहूबाजूंनी खारं पाणी, मग प्यायचं कुठून आणणार? चौकाच्या फरसबंदीत भोकं पाडलेले दगड बसवलेत. पावसाचं पाणी त्यातून खाली, वाळूतून गाळून, मधल्या आडात यायचं. १८८४ मध्ये नळ आले आणि आड बंद झाले. सान जाकोमोच्या चौकात आम्ही ती भोकं शोधत बसलो. छकुलीने एकात बोट घातलं आणि काढायलाच तयार नाही. तेवढ्यात शाळा सुटली, पोरांनी दप्तरं आडाच्या कठड्याला टेकवून चेंडू काढला, आणि ओमला भाषा येत नसताना गोलकीपर करून टाकलं. मोटारींचं भय नाही म्हणून आयाही निवांत बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

गोंडोला फार महाग. पण मासळीबाजाराजवळ पलीकडे जायला साधी होडी असते, दोन युरोत दोन नावाडी मोठ्या कालव्यापार नेऊन सोडतात. दोन-तीन मिनिटांचा प्रवास, मुलं खूश. खाण्याचे हाल झाले नाहीत. पिझ्झा होताच, शिवाय मक्याचं पीठ शिजवून, थापून भाजलेल्या वड्या छकुलीने आवडीने खाल्ल्या.

बाबा, तुमच्या गुडघ्यांची काळजी करू नका. एक नंबरची बोट मोठ्या कालव्यातून प्रत्येक धक्क्याला थांबत जाते, बसल्या जागी अर्धं गाव दिसतं. मनोऱ्याला लिफ्ट आहेच. पूल कमी लागतील अशी जागा राहायला मी शोधून ठेवलीय. गणपती झाले की तुम्ही दोघं या. तेव्हा ऊन उतरलेलं असतं आणि इथून, म्युनिकहून, थेट रेल्वे आहे, आल्प्समधल्या ब्रेनर घाटातून. तेवढी पासपोर्टची मुदत बघून कळवा, व्हिसाच्या तारखा लवकर भरतात. आई, बाबांची बीपीची गोळी चुकवू देऊ नकोस. काकूंना नमस्कार, ताईच्या पोरांना खूप पापे.

तुमची,
मंजू