पुरवणीत ब्रोकोलीच कशाला, ज्वारीवर पण लिहा की!

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

कॅन्सर टाळायला काय खावं यावर तुमच्या आरोग्य पुरवणीत लेख येतात, चांगलंच आहे, पण दर वेळी तेच, ब्लूबेरी, ॲव्होकॅडो, किन्वा नाहीतर ब्रोकोली. आमच्या अंबाजोगाईत हे कुठं शोधायचं अन् सापडलं तरी परवडणार कुणाला? वाचणाऱ्या बाईला वाटतं हे पैसेवाल्यांचं काम आहे आणि ती पान उलटते. मला त्याचंच वाईट वाटतं, कारण जे पाहिजे ते आपल्याच रानात पिकतंय.

आतड्याच्या कॅन्सरचंच घ्या. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर म्हणजे चोथा असतो, मैद्यात ३ ग्रॅमसुद्धा नाही. चोथ्यानं पोट वेळच्या वेळी साफ होतं, नको ते आत साचून राहत नाही, आणि पोटातले चांगले जंतू हाच चोथा खाऊन जी आम्लं तयार करतात त्यानं आतड्याचं अस्तर धड राहतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज २५ ग्रॅम फायबर अन् ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते (बटाटा त्यात धरत नाहीत). दोन्ही टाइम भाकर, वरण, पालेभाजी असली की फायबर आरामात होतं. पण झालंय काय, खरिपात सगळीकडं सोयाबीन, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी काढायला मजूर मिळंना म्हणून रब्बीत हरभरा, आणि तणनाशक मारून मारून घोळ, तांदूळजा, पाथरी असली रानभाजी जळून गेली. लेकरं सकाळी चहासोबत खारी-टोस्ट अन् शाळेत पुडीतले चिप्स खायलेत. वजन वाढतं ते वेगळंच, आणि लठ्ठपणाचा संबंध १३ प्रकारच्या कॅन्सरशी आहे.

अजून एक, यावर कुणीच लिहीत नाही. आपल्याकडं शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर बुरशी येते, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष लिव्हरचा कॅन्सर करतं, आणि ते भाजल्यानं पूर्ण जात नाही. म्हणून काळे पडलेले, खवट, सुरकुतलेले दाणे निवडून फेकायचे, स्वस्त मिळाले म्हणून कुटात ढकलायचे नाहीत. हे बायकांना कुणीतरी सांगायला पाहिजे ना?

आणि हो, भाकर खाऊन वरून तंबाखू नाहीतर गुटखा चघळला तर काय उपयोग. गुटख्याला आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी पुड्या मिळायल्यात, अन् नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे कितीतरी जणांना माहीतच नाही. खाण्यानं धोका कमी होतो, झालेला कॅन्सर बरा होत नाही. कसलेतरी रस-काढे पीत ट्रीटमेंट सोडणारी माणसं बघितली की जीव तुटतो. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, शौचातून रक्त गेलं, तर सरळ डॉक्टरकडं जावं, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे.

साहेब, परभणीच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीचे एवढे वाण काढलेत, तिथल्या कुणाला अन् एखाद्या आहारतज्ज्ञ ताईंना बोलवून एक पूर्ण पान आपल्या ताटावर करा. भाकर, जवसाची चटणी, अंबाडी, करडईची भाजी, कुठल्या महिन्यात काय मिळतं ते पण टाका. हुरड्याच्या सीझनआधी छापलं तर लई बरं होईल, आमच्या बचत गटात मी स्वतः वाचून दाखवीन.

आपली एक वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड