ॲलिस वॉकर यांस, एका करड्या दगडाबद्दल

आदरणीय ॲलिस वॉकर,

सप्रेम नमस्कार.

कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका झोरा नील हर्स्टन यांची १९३७ सालची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी मी परवा रात्री वाचून संपवली. तिच्या नायिकेचे, जेनीचे बोलणे अजून कानातून जात नाही, म्हणून हे आभाराचे पत्र.

एम.ए.ला आम्हाला अमेरिकन साहित्याचा अख्खा पेपर होता, पण त्यात हर्स्टन यांचे नावही कोणी घेतले नाही. आमच्या प्राध्यापकांना तरी काय म्हणावे? वर्णद्वेषाचे चटके स्वतः सोसलेल्या कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइट यांनीच या कादंबरीत ना विषय आहे ना विचार, असा निकाल देऊन टाकला होता. १९६० साली फ्लोरिडातल्या निराधारगृहात बाई वारल्या, तेव्हा त्यांची पुस्तके बाजारातून नाहीशी झाली होती. अंत्यसंस्कार वर्गणीतून झाले आणि थडगे निनावी राहिले.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये आपण, स्वतः एक कृष्णवर्णीय लेखिका, ते थडगे शोधत फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सला गेलात आणि आपण झोराची भाची आहोत, असे बेधडक सांगितलेत. झोरा आपल्या आत्या की मावशी, हे इंग्रजीत कोणी विचारत नाही. मराठीत एवढे खोटे बोलणेही अवघड गेले असते. पुढे या शोधावरचा आपला लेख आला, कादंबरी पुन्हा छापली गेली, अभ्यासक्रमांत गेली. ते सारे थोर आहेच. मी मात्र त्या दफनभूमीपाशीच अडकले आहे. कंबरभर रानात, सापांची धास्ती घेऊन चालताना, जिला कधी पाहिलेही नव्हते अशा बाईला आपण नावाने मोठ्याने हाक मारलीत, आणि तेवढ्यात आपला पाय एका खचलेल्या खळग्यात गेला. रक्ताचे नाते असलेली माणसेही इतके करतातच असे नाही. कोणी न सांगता नाते पत्करणारी माणसे अशी अधूनमधून भेटतात, म्हणून बरे.

थडग्यासाठी उंच काळा दगड आपल्या मनात भरला होता, पण तो परवडेना, तेव्हा आपण साधा करडा दगड घेतलात आणि त्यावर ‘दक्षिणेची एक प्रतिभावंत’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतलेत. जन्मसाल मात्र १९०१ पडले. खरे साल १८९१. बाईंनी दहा वर्षे चोरली होती, आणि आपण सख्ख्या भाचीसारखा त्यावर विश्वास ठेवलात.

आपली कृतज्ञ,
एक मराठी वाचक