विदू, मला उतार उतरता येत नाहीये

इंदूर,
१२ ऑक्टोबर

प्रिय विदू,

गणपतीपासून तुझे फोन घेतले नाहीत, मेसेजला नुसते अंगठे पाठवले. आता तू इतकी चिडली असशील की हे पत्र आधी अनंताला वाचायला देशील. देऊ नकोस. कुणालाच देऊ नकोस. काकूंना तर मुळीच सांगू नकोस, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळ्या रामबागेला कळेल आणि मला भाजी आणायलाही त्या रस्त्यानं जाता येणार नाही.

इकडे सगळे ठीक. माईंचं बीपी गोळीवर आहे, सतीशचं कोलेस्टेरॉल कचोरीवर आहे, चिरंजीव बंगळुरूहून फक्त पैसे पोचल्याचं कळवतात. झालं.

टाच बरी आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तू सारखं ‘टाचेचं काय, टाचेचं काय’ करणार नाहीस. तिची हकीकत तुला तुकड्यातुकड्यांत माहीत आहेच. फिजिओनं पहिल्याच दिवशी काय विचारलं ते मात्र सांगायचं राहिलं. मला वाटलं बूट विचारेल, वजन विचारेल. तो म्हणाला, ‘‘मॅडम, मधल्या काळात कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का?’’ घेतलं होतं ना! जूनमध्ये पोट बिघडलं तेव्हा कॉलनीतल्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिलं होतं. त्या जातीच्या गोळ्यांनी टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, दुखावू शकते म्हणे, क्वचित तुटतेही. अमेरिकेत २००८ पासून त्यांच्या माहितीपत्रकावर काळी चौकट आखून तसा इशारा छापावा लागतो. मी म्हटलं, म्हणजे गोळीनंच घात केला? तर म्हणे, ‘‘सांगता येत नाही. तुम्ही चढ पण दाबून केले आहेत.’’ म्हणजे गोळी निर्दोष नाही आणि मीही नाही. माईंचं निदान वेगळंच. त्यांच्या मते मला दृष्ट लागली. अर्ध्या चड्डीत पळणाऱ्या बाईला कोण दृष्ट लावणार, असं सतीशनं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘म्हणूनच.’’

मग तो व्यायाम सुरू झाला. त्याची गोष्ट तुला आवडेल, कारण त्यातला माणूस थेट तुझ्या वळणाचा आहे. स्वीडनमध्ये हाकन आल्फ्रेडसन नावाचा हाडांचा डॉक्टर, स्वतः पळणारा, आणि ह्याच शिरेनं बेजार. साहेबाला म्हणाला, माझं ऑपरेशन करा. साहेबानं साफ नाही म्हटलं. तर ह्यानं काय ठरवावं? शिरेला इतकं छळायचं की ती तुटलीच पाहिजे, मग बघू साहेब कसा नाही म्हणतो. पायरीच्या कडेवर चवडा टेकवून टाच खाली सोडायची, दुखलं तरी सोडायची, दुखेनासं झालं की पाठीवर वजन घेऊन सोडायची. आणि शीर तुटायच्या ऐवजी बरी झाली! मग त्यानं तेच पंधरा धावणाऱ्यांकडून करून घेतलं आणि १९९८ मध्ये छापलं. पंधराच्या पंधरा पुन्हा पळायला लागले. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन, वाकवून पंधराचे तीन, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. म्हणजे एका पायाचे दिवसाला १८०. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, कुकर लावून, पाठीवरच्या सॅकमध्ये शरबती गव्हाच्या पिठाची पाच किलोची थैली घालून ते केलं. एकदा थैली फुटली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी खाली उतरत होत्या. पांढऱ्या पाठीची मी, एका पायावर. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पावसाळा सगळा असाच गेला. आमच्या पळणाऱ्या गटातली पोरं रविवारी उमरीखेड्याकडून यायची ती बुटांना शेर-शेर काळी माती लावून. मी आपली सुपर कॉरिडॉरवर सायकल चालवून पोह्यांच्या ठेल्यावर त्यांची वाट बघायची. ती बाकावर बसून बुटाच्या तळातली माती काडीनं उकरत बसायची. त्या मातीचाही मला हेवा वाटायचा, खरं सांगते. माझे बूट अगदी कोरे.

बरं. आता मुद्द्यावर येते. मघापासून टाळतेय हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

गेल्या रविवारी सगळे जानापावच्या डोंगरावर गेलो. फिजिओची परवानगी होती. त्याचा नियम असा की पळताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालेल, फक्त दुसऱ्या सकाळपर्यंत मूळपदावर आलं पाहिजे. चढताना माझं दोनच्या वर गेलं नाही. विदू, मी चढले! त्या नव्या पोरांपैकी दोघांना मागे टाकलं. वर कुंडाशी बसून डब्यातले पोहे खाल्ले, जीरावण जरा जास्तच होतं. हवा स्वच्छ होती. कुणीतरी तेच नेहमीचं सांगितलं, की चंबळ इथून निघते, आणि कुणीतरी नेहमीसारखं विचारलं, मग पाणी कुठाय?

आणि मग उतरायला लागलो.

पहिल्या वळणापर्यंत आले. तिथे एक दगड आहे. काळा, पाटाएवढा, पुढच्या बाजूला थोडा कललेला, वर मुरमाचे बारीक खडे आणि कडेनं वाळायला लागलेलं गवत. त्याच्यावर उजवा पाय ठेवायचा, की पुढे सरळ वाट. पाय उचललाच गेला नाही. दुखत नव्हता, ऐक ना, दुखत नव्हता! शून्य. मी त्याला म्हटलं, चल. तो हलेना. डावा पुढे करून पाहिला, तोही नाही. मांड्या थरथरायला लागल्या आणि हाताचे तळवे ओले. मागून पोरं ‘‘आंटी, साइड!’’ करत टपटप उतरून गेली. मी वाटेच्या कडेला बसले. उठले. परत बसले. शेवटी दोन्ही हात मागे टेकून बुडावर सरकायला लागले आणि तेही चार हात सरकून थांबले.

तेवढ्यात वरून एक म्हातारी आली. चपला एका हातात, कुंडाच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन डोक्यावर, आणि फोन खांद्यात धरून सोयाबीनच्या भावावरून कुणाशी तरी तावातावानं भांडत. त्याच दगडावर पाय ठेवला, खालीसुद्धा पाहिलं नाही. मला बघून फोन तसाच ठेवून म्हणाली, ‘‘कई हुयो बाई?’’ मी म्हटलं, काही नाही, जरा बसलेय. तिनं कनवटीचा खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा भाव सुरू. वळणाखाली गेली तरी ऐकू येत होती.

मी परत वर चढले. चढायला काही नाही, बघ! वरून डांबरी रस्त्यानं एका लोडिंग रिक्षात, रिकाम्या नारळांच्या पोत्यांवर बसून खाली आले. पोरांना सांगितलं, टाच धरली. सतीशलाही तेच. सगळ्यांनी हळहळ केली, एकानं बर्फ आणून दिला, आणि मी बऱ्या टाचेवर महूपर्यंत बर्फ धरून बसले. खोटं बोलले ह्याचं मला काही वाटत नाही. टाच दुखते म्हटलं की लोक खुर्ची देतात; भीती वाटते म्हटलं की सल्ला देतात.

आणि मूर्खपणा असा की भीती उलट्या बाजूला बसली आहे. ह्या शिरेवर जास्त ताण येतो तो चढताना, टाच खाली आणि चवडा वर असतो तेव्हा. उतारावर मार बसतो मांड्यांना आणि गुडघ्यांना. म्हणजे ज्यानं दुखलं त्याची मला भीती नाही, आणि ज्यानं कधीच काही केलं नाही त्यापुढे पाय गारठतात. तू आठव ना, जानेवारीत आपण पातालपाणीहून कालाकुंडला उतरलो तेव्हा मी कुठे होते? पुढे! तूच मागून ओरडत होतीस, ‘‘अगं हळू, कलाकंद पळून नाही जाणार.’’ (गेला असता. पळसाच्या पानातला शेवटचा पुडा आपल्याला मिळाला आणि त्यातला मोठा वाटा तू खाल्लास, हे मी विसरलेले नाही.) ती बाई कुठे गेली? चार महिने सपाटीवर राहून माणूस उतार विसरतो? वय म्हणावं, तर जानेवारीत काय मी वीस वर्षांची होते? रात्री पडल्या पडल्या मी तो दगड उतरते. गादीवर पाय बरोबर पडतो.

सतीशला मी अर्धंच सांगितलं, की उतरताना आत्मविश्वास वाटत नाही. तो म्हणाला, मग सोड ना, कोण मागे लागलंय. त्याचं प्रेमच बोलतं, कळतं मला. पण विदू, ‘सोड’ हा शब्द त्याच्या तोंडी इतका तयार होता, की त्या रात्री मी त्याच्याशी गॅसच्या नंबरावरून भांडले.

आता तू म्हणशील, तोरणा. म्हण. मी वाटच बघतेय. बिनी दरवाजातून वेल्ह्याच्या बाजूला उतरताना तू रेलिंगला मिठी मारून बसलीस आणि मी हसले, हे तू इतकी वर्षं लग्नामुंजीत सांगत आली आहेस. मी शेवटचं सांगते, मी हसले नव्हते. मला उचकी लागली होती. पिठलं कोरडं होतं आणि पाणी तुझ्या बाटलीत होतं. तुला जे ऐकायचं ते तू ऐकलंस. पण तेव्हा तू तिथे नेमकी काय करत होतीस, आत काय चाललं होतं, ते मी कधी विचारलं नाही आणि तूही कधी सांगितलं नाहीस. आपण दोघी उचकीवरच भांडत राहिलो. आता सांग. पाय हलेना तेव्हा डोक्यात काय होतं? आणि मग हलला तो कशानं? तू खाली आलीस ना शेवटी, मला पक्कं आठवतंय, तू पिठलं-भाकरीचे पैसे दिलेस.

डिसेंबरचं गणित मला झोपू देत नाही. सिंहगड-राजगड-तोरणा शर्यत, ५३ किलोमीटर, आणि सगळ्यात शेवटी तोच तुझा तोरणा, १४०३ मीटर. जानापाव साडेआठशेच्या जरा वर, तिथे माझी ही गत. बरं, नुसतं मनाचं असतं तर म्हटलं असतं, शर्यतीच्या दिवशी नंबर लावला छातीला की उतरेन. पण मांड्यांना उताराची सवय आधी लावावी लागते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यानं तो आतून फाटल्यासारखा होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संडासात बसवत नाही. पण एकदा तसा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच उतार कमी बाधतो. म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आत मला दोन-चार दणदणीत उतार हवेतच, नाहीतर राजगड उतरेपर्यंत मांड्यांचा भुगा होईल आणि मग भीती असो-नसो, सारखंच. ह्याला जिना चालत नाही. मी करून पाहिलं. वहिनी पुन्हा भेटल्या.

मंगळवारी फिजिओकडे जायचंय. त्याला काय सांगू? टाचेला त्यानं दहाचा आकडा लावून दिला आहे. ह्याला कितीपर्यंत चालतं, आणि दुसऱ्या सकाळी मूळपदावर आलं की नाही हे कुठे दाबून बघायचं? पोरगा चांगला आहे, हसणार नाही, पण त्याच्या भिंतीवर सगळे स्नायूंचेच तक्ते आहेत.

तुझं काय? सासूबाईंचा गुडघा बदलला का? नव्या ऑफिसात तो माणूस अजून तुझ्याच खुर्चीत बसतो का? मुक्ताला मुंबई मिळाली हे काकूंकडून कळलं, तू सांगितलं नाहीस, पण मीही फोन घेत नव्हते, तेव्हा फिट्टंफाट. तिला माझ्याकडून पेढे तूच दे, हिशोब नंतर करू.

भाऊबीजेला येशीलच. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्यासाठी एक तास काढ. रालामंडळला जाऊ, जेमतेम दोनशे-सव्वादोनशे मीटरची चढण आहे, वर होळकरांची शिकारबाडी, चितळ दिसली तर दिसली. चढताना वाटेल तेवढं बोल. उतरताना तू पुढे हो आणि वळून बघू नकोस. ‘जमेल गं तुला’ म्हटलंस तर मी तिथेच बसेन. मी नाहीच उतरले तर वर परत ये आणि आपण कुणाला तरी गाडी घेऊन बोलावू. सांगायचं की तुझी टाच धरली. ह्यावेळी तुझी.

पत्रानंच उत्तर दे असं नाही, पण फोन केलास तर दुपारी कर. संध्याकाळी घरात कान फार असतात.

तुझी,
सुमी

ता.क. माझा हेडलॅम्प जानेवारीपासून तुझ्याकडे आहे. ‘तुझ्याकडेच राहिला’ असं म्हणू नकोस, मी सगळं घर शोधलंय. येताना आण, आणि सेल नवे घालून आण.