‘इथपर्यंत वाचलं, रात्री ११.४०’ : माझ्या गाइड मॅडमना पत्र

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी तुमच्याबद्दल एकच वाक्य लिहिलं : ‘त्यांचे मौलिक मार्गदर्शन लाभले.’ त्याच्या वरच्याच ओळीत आधीच्या गाइडबद्दलही हेच वाक्य आहे, शब्दाला शब्द. तेव्हा सगळे म्हणाले, नाव घालावंच लागतं, शेवटी शेवटी कुणाला दुखवू नकोस. मी घातलं. आता बाइंडिंग केलेली प्रत हातात घेतली की ते पान मी पटकन उलटते. एक वाक्य खोटं आहे, दुसरं अपुरं आहे आणि दोन्हींचे शब्द एकच आहेत. ते मला सहन होत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

तुमच्याकडे आले तेव्हा माझे आठ महिने गेले होते. गाइड कसा बदलला, किती अर्ज केले, कुणाकुणाच्या सह्या आणल्या, ते इथे नको. त्या आठ महिन्यांत मी पाठवलेल्या प्रत्येक चॅप्टरला एकच उत्तर यायचं, तेही तीन-चार आठवड्यांनी : ‘ठीक आहे, पुढे चला.’ खरं सांगते, मला ते कौतुक वाटायचं. सर काही चुका काढत नाहीत म्हणजे आपलं चांगलं चाललंय, असं मी घरी सांगत होते. भेटायला जायचे तेव्हा सर फोनवर असायचे आणि मी दाराशी उभी असायचे. एकदा पाऊण तास उभी राहून तशीच परत आले. जे एकदा नीट बोलले ते असं : “एम.ए.चा प्रबंध कोण वाचतं? आकडे घाल, शंभर पानं भर आणि मोकळी हो.”

ते वाक्य माझ्यात खोल रुतलं. कुणीच वाचणार नसेल तर मी रात्री जागून शब्द का बदलतेय, असं वाटायला लागलं. दोन महिने मी फाइल उघडली नाही.

तुम्ही पहिल्या भेटीत फार बोलला नाहीत. “आहे तेवढं छापून आण. स्क्रीनवर मी नुसते डोळे फिरवते, वाचत नाही,” एवढंच म्हणालात. मी ६४ पानं छापून आणून दिली. आठवड्याच्या आत गठ्ठा परत आला. तुम्ही तासाला निघाला होतात, जाता जाता माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “आधी सगळं वाच, मग भांडायला ये.”

जिन्यावर बसून मी पानं उलटली. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात खूप काही लिहिलेलं होतं. पान १७ च्या मध्यावर, परिच्छेद अर्ध्यात असताना, एक छोटी आडवी रेघ होती आणि तिच्या शेजारी लिहिलं होतं :

‘इथपर्यंत वाचलं, रात्री ११.४०. डोळे मिटतायत. तुझ्या लिखाणाचा दोष नाही. उरलेलं सकाळी.’

रेघेच्या खाली :

‘सकाळी ६.१०. मागची दोन पानं परत वाचली. आता इथून पुढे.’

मॅडम, तुम्हाला हे आठवतही नसेल. तुमच्यासाठी ती खूण असेल, आपण पुस्तकात कागदाचा कपटा ठेवतो तशी. मी मात्र त्या जिन्यावर तेच पान धरून बसले होते. येणारेजाणारे बाजूनं जात होते आणि मी रडत होते. माझं लिखाण कुणीतरी खरंच वाचत होतं. वाचता वाचता दमत होतं. दमलेल्या डोळ्यांनी वाचलेलं धरायचं नाही म्हणून सकाळी उठून दोन पानं मागे जात होतं. नुसत्या दुरुस्त्या तर वरवर चाळूनही करता येतात. कुठे थांबलो हे लिहायला मात्र माणूस खरोखर तिथपर्यंत आलेला असावा लागतो.

त्याच गठ्ठ्यात पान २३ वर तुम्ही लिहिलं होतं : ‘हे मी मगाशी वाचलं ना? पान २१ बघ.’ मी बघितलं. कॉपी-पेस्ट करताना एक अख्खा परिच्छेद दोनदा पडला होता. नऊ ओळी, स्वल्पविरामासकट त्याच. हाच चॅप्टर आधीच्या गाइडनी सही करून मंजूर केला होता. त्या सहीची प्रत अजून माझ्याकडे आहे. मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायची हौस नाही. त्यांना वेळ नसेल, त्यांच्यावर दहा कामं असतील. पण मग ‘वाचायला वेळ मिळाला नाही’ असं सांगता आलं असतं. मी थांबले असते. न वाचता ‘ठीक आहे’ म्हणणं याला मी अजूनही माफ करू शकलेले नाही, कारण त्या ‘ठीक आहे’वर विश्वास ठेवून मी पुढचे तीन चॅप्टर रचले होते.

आता विषयाकडे येते, कारण तुमची मदत नुसत्या मायेची नव्हती. माझा विषय होता वर्गातली शांतता. शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तर यायच्या आत किती वेळ थांबतात. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी यावर १९७४ साली जे लिहिलं त्याच्या मी प्रेमात होते : शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंदांपर्यंत नेलं तर मुलांची उत्तरं मोठी होतात, गप्प राहणारी मुलं कमी होतात. मी तासांची रेकॉर्डिंग केली होती आणि सेकंद मोजत बसले होते. प्रत्येक प्रश्न ‘बंद’ की ‘खुला’ हेही ठरवत होते. म्हणजे ज्याचं उत्तर एका शब्दात संपतं तो बंद, ज्याला विचार करून बोलावं लागतं तो खुला. मैत्रिणीलाही तेच काम स्वतंत्रपणे करायला लावलं होतं. आमचं दोघींचं ८० टक्क्यांच्या वर जुळलं आणि मी ते अभिमानानं ठळक टाइपात छापलं होतं.

तुम्ही त्या आकड्याभोवती गोल केलात आणि लिहिलंत, ‘भेट.’ त्या भेटीत तुम्ही मला चूक झाली असं म्हणाला नाहीत. पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडलात. समज, १०० प्रश्नांतले ९० बंदच आहेत. दोघीही प्रश्न न ऐकता, डोळे मिटून, दहातल्या नऊ वेळा ‘बंद’ लिहीत सुटल्या, तर किती वेळा जुळेल? मी गप्प. तुम्हीही गप्प. मी गुणाकार करेपर्यंत तुम्ही पेन्सिल खाली ठेवून बसून होतात. ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, आणि दोघींनीही ‘खुला’ लिहिण्याचे ०.०१. बेरीज ०.८२. म्हणजे काहीही न ऐकता ८२ टक्के! माझे कान तापले. मग तुम्ही मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांचा १९६० सालचा ‘कप्पा’ (kappa) समजावून सांगितलात, म्हणजे दोघांचं खरोखर किती जुळलं ते सांगणारा आकडा. योगायोगानं जुळलेलं आधी वजा करायचं, मग उरलेलं बघायचं. त्या डोळे मिटलेल्या दोघींचा कप्पा शून्य येतो. आमचा शून्य नव्हता, पण दाखवण्यासारखाही नव्हता.

याच आकड्याबद्दल मी आधी शंका काढली होती, तेव्हा ‘टक्केवारी चांगली आहे, तीच राहू दे’ असं मला सांगण्यात आलं होतं. तुम्ही म्हणालात, “जिथे तुमचं जुळलं नाही ती जागा मला ऐकव. तुझा प्रबंध तिथे आहे.” आणि तुम्ही खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतलीत, एक इअरफोन तुमच्या कानात, एक माझ्या, आणि आपण ते तुकडे ऐकत बसलो. शिक्षक प्रश्न विचारतात, अर्ध्या सेकंदात स्वतःच तो पुन्हा विचारतात. मग थांबणं कुठून मोजायचं, पहिल्या प्रश्नापासून की दुसऱ्या? शिक्षक ‘हं?’ म्हणतात, ती शांतता मोडली का? प्रश्न विचारून फळ्याकडे वळतात, तो थांबा मुलांसाठी आहे की खडूसाठी? मी आणि मैत्रीण, आम्ही दोघी वेगवेगळं मोजत होतो, कारण नियमच मी लिहिलेले नव्हते. त्या दुपारी आपण ते लिहिले. संध्याकाळ झाली तेव्हा शिपाई दिवे बंद करायला आला होता. माझ्या प्रबंधातली मला सर्वात आवडणारी चार पानं त्या दुपारची आहेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी व्हायवात सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानांवर विचारले आणि मला प्रत्येकाचं उत्तर येत होतं, कारण ती पानं माझी होती.

सगळं नव्यानं मोजल्यावर माझ्या आकड्यांत रो यांच्यासारखा स्वच्छ फरक दिसला नाही. ते सांगायला मी किती घाबरत आले होते! मला वाटलं, आता सगळंच वाया गेलं. तुम्ही मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथाल यांच्या १९७९ सालच्या लेखाबद्दल बोललात : न जमलेले निकाल खणात पडून राहतात, जमलेले तेवढे छापून येतात आणि मग जगाला वाटतं सगळीकडे जमलंच. “तू खणात टाकू नकोस,” म्हणालात. “जे आलं ते लिही. का आलं नसेल तेही लिही.” मी लिहिलं. आकड्याला हात लावला नाही. एम.ए.मध्ये मी शिकलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. ती शिकवणारं माणूस नेमकं शेवटच्या पाच महिन्यांत भेटलं, याची हळहळ अजून जात नाही.

‘एम.ए.चा प्रबंध कोण वाचतं’ हे वाक्य मी तुम्हाला एकदाच सांगितलं होतं. तुम्ही चिडला नाहीत, नाव विचारलं नाहीत. क्लॉड शॅनन यांची गोष्ट सांगितलीत. १९३७ साली, २१ व्या वर्षी, एमआयटीत त्यांनी दिलेला प्रबंध मास्टर्सचा होता. रिले (विजेनं उघडझाप होणारे स्विच) आणि साधे स्विच यांच्या जोडण्या जॉर्ज बूल यांच्या तर्कगणितात, म्हणजे खरं-खोटं अशा दोनच किमतींच्या गणितात, लिहिता येतात, हे त्यात दाखवलेलं आहे, आणि पुढच्या सगळ्या डिजिटल यंत्रांचा पाया त्यावर उभा आहे. मग पटकन म्हणालात, “तू शॅनन व्हावंस म्हणून सांगत नाही. त्याचाही आधी कुणीतरी नीट वाचला असेल, म्हणून सांगते.”

मी त्यानंतर वाचण्याबद्दल खूप विचार केलाय. दुसऱ्याचं कच्चं लिखाण वाचणं हे फार न दिसणारं काम आहे. त्याचा ना पगार वेगळा, ना कुठे नोंद. न वाचता सही केली तरी सहसा कुणाला कळत नाही. कच्च्या लिखाणात वाक्यं तुटलेली असतात, संदर्भ अर्धे असतात, लिहिणाऱ्यालाच अजून काय म्हणायचंय ते उमगलेलं नसतं. अशा पानांशी दुसऱ्याच्या मुलीसाठी रात्री पावणेबारापर्यंत झटणारी माणसं जगात आहेत. ती गाजत नाहीत. परिपत्रकात त्यांचं नाव येत नाही. ग्रंथालयात पुस्तक शोधून ठेवणारे काका, आकडेवारीचं सॉफ्टवेअर चालत नव्हतं तेव्हा स्वतःचा लॅपटॉप देणारा ज्युनियर, तुकडे दुसऱ्यांदा मोजायला न कुरकुरता बसलेली माझी मैत्रीण, हे सगळे मला त्याच जातकुळीतले वाटतात. समोरच्याचं काम खरं आहे असं मानून ते वागतात. त्यांच्यामुळे मी प्रबंध पूर्ण केला.

तुमचे पेन्सिलीचे तिन्ही गठ्ठे मी जपून ठेवलेत. परवा पुन्हा काढले. दुसऱ्या गठ्ठ्यात अशा चार रेघा आहेत. एक दुपारची, ‘मीटिंग आहे, नंतर’ अशी. तिसऱ्या गठ्ठ्यात एकच आहे, शेवटच्या पानावर : ‘संपलं. एका बैठकीत.’ तुम्ही तोंडानं माझं कौतुक फारसं केलं नाहीत, पण ते तीन शब्द मी आईला फोटो काढून पाठवले होते.

एक विचारायचं राहिलंय. पहिल्या गठ्ठ्यात, पान ५८ वर, जिथे मी एका गप्प बसणाऱ्या मुलीबद्दल लिहिलंय, तिथे समासात तुम्ही दोन ओळी लिहून नंतर खोडरबरानं पुसल्यात. उजेडाकडे धरून बघितलं तर ‘मीपण’ एवढंच वाचता येतं. पुढच्या महिन्यात मी येणार आहे, तो कागद घेऊन. सांगाल का, तिथे काय लिहिलं होतं?

तुमची विद्यार्थिनी